विश्लेषण : ‘नीट’च्या पुस्तकातले प्रथिन कुपीत येते, मग ते औषध का नव्हे?

लातूर-नांदेडमध्ये ‘नीट’ची तयारी करणारी मुले अकरावीला ‘कॅल्शियम ट्रोपोनिनला जोडले जाते आणि स्नायू आकुंचन पावतो’ हे पाठ करतात. बारावीला जैवतंत्रज्ञानाचा धडा वेगळा येतो. या दोन्ही धड्यांची गाठ पडते ती संशोधकांसाठी विकल्या जाणाऱ्या मानवी कॅल्मोड्युलिनच्या कुपीत.

हे प्रथिन काय करते?

कॅल्मोड्युलिन हा ट्रोपोनिन-सीचाच भाऊबंद. १४८ अमिनो आम्लांची साखळी आणि कॅल्शियम पकडणाऱ्या चार जागा. पेशीत कॅल्शियम वाढले की त्याचा आकार बदलतो आणि ते इतर प्रथिनांना चालू-बंद करू लागते. हाडांच्या कॅल्शियमच्या गोळ्यांशी याचा संबंध नाही.

माणसात ते बनवणारी जनुके तीन, म्हणजे प्रती सहा. त्यांपैकी एकीत एका अक्षराचा बदल झाला तरी हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते, हे २०१२ आणि २०१३ मधील संशोधनातून पुढे आले. यात वारंवार हृदय बंद पडणारी तान्ही बाळेही होती. बदललेले प्रथिन कॅल्शियम किती घट्ट धरते, हे बाळाच्या हृदयातून तपासता येत नाही. ते जिवाणूकडून बनवून घ्यावे लागते.

ते बनते कसे?

मानवी जनुकाचा क्रम प्लाझ्मिडमध्ये घालून ई. कोलाय जिवाणूत सोडतात. जिवाणू वाढले की फोडतात. पुढची युक्ती मजेशीर आहे. कॅल्मोड्युलिन उष्णतेला दाद देत नाही. द्रावण चांगले तापवले की जिवाणूची बहुतेक प्रथिने दूध नासावे तशी गोळा होतात, हे मात्र विरघळलेलेच राहते. मग कॅल्शियम घालून ते एका स्तंभातून सोडतात. तिथे ते चिकटते. कॅल्शियम काढून घेणारे ईजीटीए ओतले की सुटते. ज्या गुणासाठी प्रथिन हवे, त्याच गुणाने ते शुद्ध होते.

मग औषध का नाही?

इन्सुलिनही याच तंत्राने बनते. अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये मान्यता मिळाली. मराठवाड्यात औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) जैवतंत्रज्ञान प्रकल्प असलेल्या वोखार्टने २००३ मध्ये आपले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. फरक तंत्राचा नाही, तपासणीचा आहे. जिवाणूच्या आवरणातील एंडोटॉक्सिन रक्तात गेले तर ताप, अगदी शॉकही येऊ शकतो. औषधाच्या प्रत्येक घाण्याची त्यासाठी कसून चाचणी होते, शिवाय आधी माणसांवर चाचण्या झालेल्या असतात. ‘फक्त संशोधनासाठी’ असे लिहिलेल्या कुपीमागे यातले काही असेलच असे नाही. म्हणून ती टोचायची नाही आणि तिच्या आधारे रुग्णाचे निदानही करायचे नाही.

प्रयोगशाळेसाठी एक व्यावहारिक गोष्ट : हे प्रथिन चिवट असले तरी पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे त्यालाही बरे नाही. वीज जाणाऱ्या गावात कुपी आल्या दिवशीच लहान लहान नळ्यांत वाटून ठेवलेली बरी.