जहाजाने दिलेली वर्दी

हैदराबादेच्या बेगम बाजारात इराणचा पिस्ता, आखातातला खजूर आणि तुर्कस्तानचा जर्दाळू पोत्यांनी विकला जातो. लग्नाच्या पंगतीत 'खुबानी का मीठा' आवडीने खाणाऱ्याला त्यातला जर्दाळू कदाचित तांबडा समुद्र ओलांडून आला असेल याची कल्पना नसते, आणि असण्याचे कारणही नाही. मला ती आली एका बिलावरून. कॉलेज सुटल्यावर मी या बाजारातल्या एका घाऊक पेढीवर जमाखर्च लिहितो. २०२४ च्या आरंभीची कागदपत्रे लावताना जहाजभाड्याच्या बिलात 'वॉर रिस्क सरचार्ज' अशी एक ओळ दिसली. शेठजींना विचारले तर म्हणाले, "बेटा, लड़ाई उधर समंदर में है, हिसाब इधर लिखना है." त्या ओळीचा माग काढता काढता जे हाती लागले, ते येथे मांडतो.

घडलेली गोष्ट चौकीवर किंवा पाटलाकडे जाऊन सांगणे याला मराठीत वर्दी देणे म्हणतात. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागाचे वाचक 'वरदी' हाच शब्द अहवाल या अर्थाने वापरतात. हैदराबादेत मात्र वर्दी म्हटले की अंगावरचा गणवेश! असो. धोक्याच्या समुद्रातून जाणारे व्यापारी जहाजही अशीच वर्दी देते. फरक इतकाच, की ते ती काही घडण्यापूर्वी देते.

तांबडा समुद्र, एडनचे आखात, इराणचे आखात आणि अरबी समुद्र या भागासाठी ब्रिटिश नौदलाचे एक कार्यालय आहे. त्याचे नाव 'यूकेएमटीओ', म्हणजे युनायटेड किंगडम मेरीटाईम ट्रेड ऑपरेशन्स. या क्षेत्रात शिरताना जहाज पहिली वर्दी देते, मग रोज आपला ठावठिकाणा कळवते आणि बाहेर पडताना शेवटची वर्दी देते. यात सक्ती नाही. पहिल्या वर्दीत जहाजाचे नाव व क्रमांक, अक्षांश-रेखांश, दिशा, वेग, माल, मुक्कामाचे बंदर, खलाशी कोणत्या देशांचे, बरोबर सशस्त्र पहारा आहे की नाही, हे सारे असते. पाण्यापासून डेकची उंची किती, हेही विचारतात. मला हा प्रश्न आधी विचित्र वाटला. पण चाचे लहान होडीतून येऊन शिडी लावून चढतात. जहाज भरलेले, म्हणून पाण्यात खोल बसलेले आणि वर संथ असेल, तर त्यांचे काम सोपे होते.

आपल्या देशाचीही व्यवस्था आहे. भारतीय नौदलाची 'इन्स्पायर्स' ही पद्धत १९८६ पासून आहे; तटरक्षक दलाची 'इंडसार' २००३ पासून. डिसेंबर २०१८ मध्ये नौदलाने हिंदी महासागराच्या माहितीचे केंद्र उघडले ते गुरुग्रामला, म्हणजे समुद्रापासून हैदराबादपेक्षाही दूर! तेथे मित्रदेशांचे अधिकारी एकत्र बसतात आणि निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या वर्द्या ताडून पाहतात.

या वर्द्यांचा साचा जगभर बहुतांशी सारखा असून प्रत्येक मजकुराला एक इंग्रजी अक्षर नेमलेले आहे. 'ए' म्हणजे जहाज, 'सी' म्हणजे ठिकाण, 'पी' म्हणजे माल. 'डब्ल्यू' म्हणजे जहाजावर माणसे किती. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांची नजर 'पी'वर जाईल, पण संकटसमयी किंमत असते ती 'डब्ल्यू'ला. चाचे चढल्यावर खलाशी एका भक्कम खोलीत स्वतःला कोंडून घेतात. त्या खोलीला 'सिटाडेल' म्हणतात. नौदलाने कमांडो उतरवायचे तर सर्व माणसे त्या खोलीत आहेत, हे आधी कळावे लागते. एकजण जरी बाहेर चाच्यांच्या हाती असला, तरी हल्ला करणे जिवावर बेतते.

'लीला नॉरफोक' या जहाजाचे असेच झाले. लायबेरियाचा झेंडा लावलेले हे जहाज ब्राझीलहून बहरीनला चालले होते. ४ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी त्याने यूकेएमटीओला कळवले, की पाचसहा सशस्त्र माणसे जहाजावर चढली आहेत. आपल्या नौदलाने गस्तीवरची 'आयएनएस चेन्नई' तिकडे वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नौदलाचे विमान जहाजावर घिरट्या घालू लागले, आणि दुपारी 'आयएनएस चेन्नई'ने जहाज गाठले. मार्कोस कमांडो चढले तेव्हा चाचे निघून गेलेले होते. सिटाडेलमधून एकवीस खलाशी सुखरूप बाहेर आले. त्यांतले पंधरा भारतीय. संदेश गेला नसता तर ते पंधराजण त्या खोलीत किती दिवस बसले असते, हा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

बोलायला उसंतच मिळाली नाही, तर? त्यासाठी जहाजावर गुप्त धोक्याची कळ असते. एक सुकाणूच्या कक्षात आणि निदान एक अन्यत्र. दाबली की जहाजावर घंटा वाजत नाही, दिवा लागत नाही. संदेश मात्र किनाऱ्यावर जातो.

आता बिलाकडे वळू. धोक्याचे क्षेत्र कोणते, हे लंडनच्या विमेकऱ्यांची एक समिती यादी करून जाहीर करते. अशा क्षेत्रात जायचे तर जहाजमालकाला जादा हप्ता भरावा लागतो, आणि तो सामान्यतः सात दिवसांपुरता असतो. तांबड्या समुद्रातले हल्ले नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी हा हप्ता जहाजाच्या किमतीच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी होता. २०२४ च्या आरंभी तो एक टक्क्याच्या आसपास गेला. पाच कोटी डॉलरच्या जहाजाला एक टक्का म्हणजे एका फेरीला पाच लाख डॉलर. बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. त्यात दहाबारा दिवस जादा लागतात. एकूण काय, कोणत्याही वाटेने आले तरी पोत्यामागे काही रुपये चढणारच. कान्होजी आंग्र्यांच्या काळी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांचे दस्तक विकत घ्यावे लागे. दस्तक घेतले, की निदान आंग्र्यांच्या गलबतांकडून अभय मिळे. आजचा हप्ता भरून असे अभय मिळत नाही. मिळते ती फक्त नुकसानभरपाई.

नकाशावर रेघ ओढणाऱ्याचा हात केवढा लांब असतो, याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. २०१० मध्ये जहाजउद्योगाच्या संघटनांनी सोमाली चाच्यांचे 'अतिधोक्याचे क्षेत्र' पूर्वेकडे ७८ रेखांशापर्यंत वाढवले. हीच रेघ नकाशावर उत्तरेला ओढत नेली तर ती आपल्या संगारेड्डीजवळून जाते! मुंबई, रत्नागिरी, गोवा, कोची, सगळा पश्चिम किनारा धोक्याच्या समुद्रात जमा झाला. विमा महागला ही आपल्या सरकारची एक तक्रार होती. दुसरी, परदेशी जहाजांवरचे बंदूकधारी आपल्या कोळ्यांच्या पाण्यात येऊ लागले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्याजवळ एका मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार मेले. नौसैनिकांचे म्हणणे, आम्हाला ते चाचे वाटले. इटलीने दहा कोटी रुपये भरपाई दिल्यावर जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडचा खटला बंद केला. रेघ त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, ६५ रेखांशापर्यंत मागे सरली होती. १ जानेवारी २०२३ पासून ते क्षेत्रच रद्द झाले.

माझ्या मते साऱ्या व्यवस्थेची उणी बाजू येथे दिसते. मोठ्या जहाजाला नाव आहे, क्रमांक आहे, रोजची वर्दी आहे. त्याच पाण्यात जाळे टाकणाऱ्या बोटीची नोंद अशा कोणत्याच वहीत नसते, आणि जो वहीत नाही तो दुर्बिणीतून चाचा दिसू शकतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. हे यंत्र उपग्रहाच्या मदतीने चालते, म्हणून मोबाईलचा पल्ला संपल्यावरही बोटीचा ठावठिकाणा किनाऱ्यावर कळतो. कोळ्याला त्यावरून आपली वर्दी देता येते आणि किनाऱ्यावरून आलेला इशारा वाचता येतो.