नोंदवहीचा रकाना कोण आखतो?

गेल्या पावसाळ्यात कापूरहोळच्या स्टँडवर आमच्या कामथडीचा एक मुलगा भेटला. बी.एस्सी. झालेला. वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला म्हणून चार वर्षे मनातून खचलेला. जय भीम झाला, चहा झाला आणि तो म्हणाला, "आबा, डॉक्टर काही झालो नाही. आता आरोग्य खात्यात आपल्यासाठी काय उरलं? सफाई नाहीतर शिपाईच ना?"

त्याला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. मी स्वतः या खात्यात १९७७ साली हंगामी फवारणी कामगार म्हणून शिरलो. पाठीवर डीडीटीचा पंप घेऊन वेल्ह्याकडच्या वाड्या पायी तुडवल्या. पुढे आरोग्य सेवक झालो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. त्या मुलाचा प्रश्न मला नवा नव्हता. आपल्या समाजाला आरोग्य व्यवस्थेची दोनच टोके दिसतात. एका टोकाला गळ्यात नळी अडकवलेला डॉक्टर आणि दुसऱ्या टोकाला हातात झाडू घेतलेला आपला माणूस. या दोन टोकांच्या मध्ये एक लांबलचक टेबल आहे. कुठल्या वस्तीत कोण जाईल, औषध कुठे किती पोचेल, कोणता आजार मोजला जाईल आणि कोणता मोजलाच जाणार नाही, हे त्या टेबलावर ठरते. त्या टेबलामागची खुर्ची आपल्या मुलांना कोणी दाखवतच नाही. या लेखात ती दाखवायची आहे.

सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमाचे व्यवस्थापन हा शब्द जड आहे, पण काम समजायला सोपे आहे. डॉक्टर समोर आलेल्या रोग्याला तपासतो. व्यवस्थापकाला न आलेल्या रोग्याचा विचार करावा लागतो. तो का आला नाही? त्याला कोणी बोलावले का? बोलावले असते तर तो एसटीने आला असता की मजुरी बुडते म्हणून घरीच राहिला असता? म्हणून या कामाचा आरंभ औषधापासून होत नाही, मोजण्यापासून होतो. आणि मोजणे हे दिसते तितके निरुपद्रवी काम नाही.

एक साधा हिशेब मांडतो. समजा, गावाची लोकसंख्या १,५०० आहे आणि त्यातल्या १५० माणसांची वस्ती गावाबाहेर ओढ्याकाठी आहे. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे अठरा रुग्ण निघाले आणि अठराही वस्तीतले निघाले. हे अठरा रुग्ण गावाच्या लोकसंख्येने भागले तर प्रमाण शंभरात एकाहून जरा जास्त येते. 'किरकोळ' असा शेरा मारून वही मिटता येते. तेच अठरा वस्तीच्या लोकसंख्येने भागा. प्रमाण शंभरात बारा होते आणि ती साथ ठरते! रुग्ण तेच, भागाकारही तोच. बदलला तो फक्त खालचा आकडा. खाली कोणता आकडा घ्यायचा हे ठरवणारा माणूस कोणत्या वस्तीतून आला आहे, याला म्हणूनच महत्त्व आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका आरोग्य केंद्रात असताना अशीच लागण झाली होती. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडत होती. ओटी चाचणी घेतली की पाणी पिवळे होई, म्हणजे क्लोरीन आहे. पत्रकात सगळे चोख. पण वस्तीतली माणसे त्या विहिरीचे पाणी पीतच नव्हती, ती ओढ्याकाठच्या झिऱ्याचे पीत होती. पाण्याच्या स्रोतांच्या यादीत झिऱ्याचे नावच नव्हते. यादीत नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून दोषही नाही. मी पत्रकात हाताने एक ओळ वाढवली. साहेब म्हणाले, "गाव एकच असतं, उगाच रकाने वाढवू नका." साहेब स्वभावाने वाईट नव्हते. त्यांच्या डोळ्यांना तो झिरा दिसलाच नव्हता, इतकेच.

पाण्याचा विषय निघाला म्हणून नारूचे सांगतो. नारू या शब्दाने आजच्या विद्यार्थ्याला काही बोध होत नाही. नारूवर लस नव्हती आणि जंत मारणारे औषधही नव्हते. दूषित पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवातून जंत पोटात जाई, वर्षभराने हातभर लांबीचा होऊन पायातून बाहेर पडू लागे. पायाची आग शमवायला माणूस पायविहिरीत उतरला की जंताची पिले पुन्हा पाण्यात. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. कार्यकर्त्यांनी घरोघर शोध घेतला, पायऱ्यांच्या विहिरी बांधून रहाटाच्या केल्या, हातपंप बसवले, पाण्यात टेमेफॉस टाकले, पाणी गाळायला फडकी वाटली. जुलै १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. इंजेक्शनशिवाय एक रोग देशातून गेला तो केवळ शोध, नोंद, पाणी आणि पाठपुरावा यांच्या बळावर. यालाच व्यवस्थापन म्हणतात.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा जो प्रश्न उभा केला, तो माणुसकीचा प्रश्न होता. आरोग्य खात्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पाणी कोणाच्या ताब्यात आहे, यावर रोग कोणाच्या घरी जाईल हे ठरते.

आता खात्याची उतरंड. 'भोर समिती' म्हटले की पुष्कळांना ती आमच्या तालुक्यासाठी नेमली होती असे वाटते. ती सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमली गेली, अहवाल १९४६ साली आला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातून रुजली. आज डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. मैदानी भागात हेच आकडे ५,००० आणि ३०,००० आहेत. पूर्वी मलेरियाचा माणूस वेगळा, देवीची लस टोचणारा वेगळा. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने ही वेगवेगळी कामे एका बहुउद्देशीय कार्यकर्त्याकडे सोपवायला सांगितले. आरोग्य सेवक आणि आरोग्य सेविका ही पदे आज दिसतात ती या विचारातून. त्यांच्यावर आरोग्य सहाय्यक आणि सहाय्यिका, मग वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने खाली आशा ताई आणि गटप्रवर्तक आणल्या, तसेच कार्यक्रम व्यवस्थापक, लेखापाल अशी कंत्राटी पदांची एक समांतर ओळ उभी केली.

या ओळीतल्या पुष्कळ जागांना एम.बी.बी.एस. लागत नाही, ही गोष्ट त्या मुलाला ठाऊक नव्हती. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी म्हणजे एम.पी.एच. दोन वर्षांची असते आणि अनेक ठिकाणी वैद्यकीय नसलेल्या पदवीधरालाही प्रवेश मिळतो. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे शिक्षण देते, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात ते आहे. लोकसंख्येच्या आकडेशास्त्राची गोडी असेल तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. पदवीपर्यंत पोचता आले नाही त्याला स्वच्छता निरीक्षकाची पदविका आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ती चालवते आणि नगरपालिकांत तिला किंमत आहे. वरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि परदेशी जायचे असेल तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

पण चित्र रंगवून सांगण्याची मला सवय नाही. कंत्राटी ओळीतली माणसे अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर जगतात. उद्याचा आदेश ज्याच्या सहीने निघायचा त्याच्यासमोर रकाना वाढवण्याची हिंमत करणे सोपे नाही. मी कायम नोकरीत असून दबकत होतो. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र केडर फार जुने आहे. तिथला आरोग्य कायदा १९३९ चा. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने असे केडर सुचवले आणि २०२२ मध्ये केंद्राने राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. विद्यार्थी संघटनांनी मागणी करायची असेल तर या कायम केडरची करावी आणि त्यातल्या आरक्षणाकडे पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

डिग्रीशिवायही हे काम होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या निरक्षर बाया, त्यात दलित बाया पुष्कळ, ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार झाल्या. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या हातून गावाने बाळंतपणे करून घेतली. आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात परिंचे येथे डॉ. नोशीर अंटिया यांच्या संस्थेने गावच्या तायांना घेऊन असेच काम केले. मात्र एक गोष्ट मनाला टोचते. गावातली कार्यकर्ती गावातच राहते. तिच्या कामाची आकडेवारी घेऊन वर जाणारा माणूस दुसराच असतो.

आता श्रमाच्या जागेवरचे आरोग्य. खेडशिवापूरपासून शिरवळपर्यंत महामार्गालगत कारखाने झाले आणि आमची पोरे शेतमजुरी सोडून तिकडे गेली. यंत्रात बोट गेले तर ते सगळ्यांना दिसते. फुप्फुसात गेलेली धूळ दिसत नाही. दगड फोडणाऱ्या, खडी क्रशरवर राबणाऱ्या माणसाला सिलिकोसिस होतो. क्ष-किरणात तो क्षयासारखा दिसतो, क्षयही त्यात लवकर शिरतो, आणि बरा होत नाही. रुग्ण क्षयाच्या वहीत चढतो, गोळ्या घेतो, मरतो. वहीत 'क्षय' लिहिले की दोष जंतूचा. 'सिलिकोसिस' लिहिले की दोष मालकाचा आणि भरपाईचा प्रश्न उभा राहतो. राजस्थानने २०१९ साली या आजारासाठी स्वतंत्र धोरण केले ते खाणकामगारांच्या लढ्यामुळे. 'तुम्ही काय काम करता आणि किती वर्षे करता' हा प्रश्न विचारला तरच हा आजार सापडतो.

कामगाराच्या आरोग्याचा विचार कायद्यात आणणाऱ्यांत बाबासाहेब होते, हे आपणच विसरतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करायला प्रा. बी. पी. आडारकर यांना १९४३ साली त्याच खात्याने नेमले. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारी १९४६ ची दुरुस्तीही त्यांच्याच कारकिर्दीतली. १९८४ ला भोपाळ घडले आणि १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण आले. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिने ५०० कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला, पूर्वी ही मर्यादा १,००० होती. धोकादायक प्रक्रियेत ती २५० आहे. हे बरे झाले. पण विजेवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणायला आता दहाऐवजी वीस कामगार लागतात. दहा माणसांच्या आस्थापनेला संहिता लागते हे खरे, तरी क्रशरवाल्याला हजेरीपटावर किती नावे ठेवायची हे आधीपासून छान कळते.

सुरक्षा अधिकारी व्हायला विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकी पदविका, थोडा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका लागते. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था ती शिकवते. एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. आपल्यातले जे डॉक्टर झाले त्यांतले किती जण कारखान्याच्या फाटकातून आत गेले? दवाखाना टाकण्यात चूक नाही, पण ही वाट ओस पडली आहे.

आणि गटारात उतरणारा माणूस? गटार कारखान्याच्या व्याख्येत कधी बसलेच नाही. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. प्राण गेल्यावरची किंमत वाढत गेली. माणूस उतरण्याआधी आत कोणता वायू आहे हे मोजायचे यंत्र कोणाच्या ताब्यात असावे, कामाचा परवाना कोणी द्यावा, ठेकेदाराला कोणी थांबवावे, हे प्रश्न व्यवस्थापनाचे आहेत. त्या जागी आजवर जे बसले त्यांच्या घरातले कोणी गटारात उतरत नव्हते.

त्या मुलाने एम.पी.एच.चा अर्ज भरला. मुलाखतीत काय विचारतील म्हणून परवा घरी आला होता. मी त्याला पुस्तक दिले नाही. आपल्याच वस्तीचा नकाशा काढून आण म्हणालो: घरे किती, पाणी कुठून, संडास किती जणांत एक, कोण कुठल्या कामाला जातो, कोणाला खोकला आहे. काल संध्याकाळी तो अर्धा नकाशा घेऊन आला. क्रशरवर जाणाऱ्या सात घरांत त्याने लाल खुणा केल्या होत्या आणि विचारत होता, "आबा, यांची वही कुठं असते?"