'थोडक्यात हुकलं' का बोचतं

एमपीएससीचा निकाल लागला की पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये सर्वांत जास्त कोण खचतं? ज्याला चाळीस गुण कमी पडले तो नव्हे. एका गुणाने ज्याचं नाव यादीत आलं नाही तो. अपेक्षाभंगात किती मिळालं याला फारसं महत्त्व नसतं. किती मिळणार असं मनाने धरलं होतं, त्यावर सगळं अवलंबून असतं.

1928 साली टिंकलपॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. माकडाच्या देखत भांड्याखाली केळं ठेवायचं आणि मग त्याच्या नकळत ते काढून लेट्यूसचं पान ठेवायचं. एरवी हेच पान माकड खुशाल खाई. आता मात्र ते पानाला शिवेना, भांड्याच्या आजूबाजूला केळं शोधू लागलं, कधी माणसांकडे पाहून ओरडलं. पान तेच होतं, पण मनात केळं होतं.

मेंदूत त्या वेळी काय घडतं हे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतून कळलं. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात. रसाआधी दर वेळी खूण दिली, तर काही काळाने त्या खुणेलाच चेततात. प्रत्यक्ष रस आला तरी शांत राहतात. आणि खूण देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या रस यायच्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. म्हणजे न आलेल्या गोष्टीचीही मेंदू वेळेवर नोंद घेतो. अपेक्षित आणि मिळालेलं यांतला फरक या पेशी नोंदवतात, असा हा सिद्धान्त आहे.

परीक्षार्थीच्या बाबतीत ही खूण म्हणजे उत्तरतालिका. ती आली की मुलं गुण जुळवतात, कट-ऑफचा अंदाज बांधतात. 'यंदा पोस्ट निघणार' हे आधी मनात, मग मित्रांत, मग गावी पोचतं. अंतिम उत्तरतालिकेत एखादा प्रश्न रद्द होतो, एखादं उत्तर बदलतं, आणि जवळजवळ हातात आलेलं निसटतं.

जवळ येऊन हुकण्याचा त्रास वेगळाच. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे संशोधकांनी लोकांना दाखवले आणि आनंदाला दहापैकी गुण द्यायला सांगितले. निकालाच्या क्षणी कांस्यवाल्यांना सरासरी 7.1, तर रौप्यवाल्यांना 4.8. संशोधकांच्या मते रौप्यवाल्याच्या डोळ्यांपुढे हुकलेलं सुवर्ण असतं आणि कांस्यवाल्याच्या डोळ्यांपुढे रिकाम्या हाताने परतण्याची टळलेली वेळ.

मग अपेक्षाच ठेवू नये का? हा सल्ला वडीलधारी मंडळी मायेने देतात, पण मला तो पटत नाही. मेंदूतली ती घसरण पुढचा अंदाज सुधारण्यासाठीच असते. आपण तिच्यातूनही शिकतो. शिवाय कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या मुलाने आशा धरायची नाही, तर मग पहाटे उठायचं कशाच्या बळावर?

आपल्या हातात आहे ते बोलणं. 'अरे, थोडक्यात हुकलं' हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटलं जातं, पण ते त्या मुलाला नेमकं रौप्यवाल्याच्या जागी उभं करतं. म्हणून निकालानंतर फोन कराल तेव्हा किती गुणांनी गेलं हे विचारू नका. जेवलास का विचारा, आणि पुढच्या परीक्षेचा विषय तो स्वतः काढेपर्यंत थांबा.