गढुळलेले जड पाणी

अणुभट्टीचा आपल्या तामसीशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु थायरॉइडच्या विकारासाठी इकडून हैदराबादेस वा नागपुरास गेलेल्या रुग्णाला जे किरणोत्सारी आयोडीन देतात, ते अणुभट्टीतच सिद्ध होते. मुंबईतील ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात असलेली ‘ध्रुव’ ही अशीच एक संशोधन अणुभट्टी. ती वीज निर्माण करीत नाही. औषधांसाठी व संशोधनासाठी तिच्यातील न्यूट्रॉन कामी येतात. अण्वस्त्र कार्यक्रमाशीही तिचा संबंध आहे, आणि ती आंतरराष्ट्रीय निरीक्षणाखाली नाही.

१०० मेगावॉट क्षमतेची ही भट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी प्रथम प्रज्वलित झाली. पण थोड्याच दिवसांत तिच्यातले जड पाणी गढूळ दिसू लागले. शोध घेता असे आढळले, की वेगाने वाहणाऱ्या पाण्यामुळे इंधनाचे जुडगे थरथरत होते, त्यांचे ॲल्युमिनियमचे आवरण घासले जात होते, आणि त्याचेच सूक्ष्म कण पाण्यात मिसळत होते. आवरण झिजून फाटले, तर आतील किरणोत्सारी द्रव्य पाण्यात उतरणार! इंधनाच्या रचनेत सुधारणा झाली, शक्ती हळूहळू वाढवीत नेली, आणि पूर्ण क्षमता गाठण्यास १९८८ साल उजाडले. हा विलंब मला नामुष्कीचा वाटत नाही. सुरक्षेची तपासणी म्हणजे तरी दुसरे काय?

अणुभट्टी बंद केली तरी ती लगेच निवत नाही. चुलीतील निखाऱ्यांप्रमाणे इंधन धगधगत राहते. बंद होताक्षणी पूर्ण शक्तीच्या सुमारे सहा टक्के उष्णता शिल्लक असते. म्हणूनच १९६० च्या ‘सायरस’ भट्टीजवळ उंचावर पाण्याची एक प्रचंड गोलाकार टाकी उभारली होती. वीज गेली, पंप थांबले, तरी पाणी उतारानेच इंधनापर्यंत पोहोचावे, ही त्यामागील योजना. १९९७ मध्ये सायरस बंद ठेवून तिच्या जीर्ण भागांची कसून पाहणी व दुरुस्ती करण्यात आली. ती २००२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस कायमची निवृत्त झाली.

आता प्रश्न, ही पाहणी करावी कोणी? १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २००० साली मात्र भाभा केंद्र त्या मंडळाच्या कक्षेतून वगळण्यात आले, आणि केंद्राच्या आतच सुरक्षा परिषद नेमण्यात आली. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी त्यावर जाहीर टीका केली. ‘ध्रुव’चा दोष आतल्या तज्ज्ञांनीच हुडकला, हे मान्य, तथापि हिशेब लिहिणाऱ्यानेच तो तपासावा, हे मला पटलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ध्रुव’ला चाळीस वर्षे झाली. ‘सायरस’ची ती मोठी दुरुस्ती करावी लागली, तेव्हा तिचे वय सदतीस होते.