राज्यघटनेत सामान्य माणसाचा वाटा किती?

घटनेवर बोलणे निघाले की दोन टोकांची विधाने ऐकू येतात. घटना दिल्लीत मूठभर वकिलांनी बंद दाराआड लिहिली, हे एक. जनतेने मतदान करून ती स्वीकारली, हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत.

आधी मतदानाचे पाहू. घटनेवर सार्वमत कधीच झाले नाही. संविधान सभेतले प्रांतांचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडले होते. ती विधिमंडळे 1946 च्या ज्या निवडणुकीतून आली, तिच्यात मतदानाला मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. शेतमजूर, मोलकरणी अशा बहुसंख्य प्रौढांना त्यात मतच नव्हते. ही उणीव मोठी आहे आणि ती झाकू नये.

पण दार बंद नव्हते. फेब्रुवारी 1948 मध्ये मसुदा छापून लोकांपुढे ठेवला गेला. आठ महिने त्यावर सूचना आल्या, मसुदा समितीने त्या तपासल्या आणि ऑक्टोबरमध्ये सुधारणांसह मसुदा पुन्हा छापला. पुढे सभेतली चर्चा ऐकायला प्रेक्षक सज्जात सुमारे 53,000 लोक येऊन गेले. मसुदा इंग्रजीत होता, त्यामुळे तो वाचू शकणारे थोडेच, हेही खरे.

तिसरा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो: घटनेशी नाशिकचा काय संबंध? सहभाग म्हणजे फक्त पत्र पाठवणे नव्हे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. कित्येक वर्षे लढूनही दार उघडले नाही आणि 1935 मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तेच बाबासाहेब पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. अस्पृश्यता नष्ट करणारे आजचे कलम 17 सभेने 29 नोव्हेंबर 1948 रोजी मंजूर केले. सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करण्याची मुभा कलम 25 ने राज्याला दिली. ही कलमे वाचताना नाशिकच्या त्या सत्याग्रहींना वगळता येणार नाही, असे मी ठामपणे म्हणतो.

मताची उणीवही घटनेनेच भरून काढली. कलम 326 ने प्रौढ मताधिकार दिला आणि 1957 मध्ये त्याच अधिकाराने नाशिककरांनी दादासाहेबांना लोकसभेत पाठवले.