मळणीयंत्राचा अपघात आणि मजुराचा हक्क

सोयाबीन व मक्याची सुगी सुरू झाली म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ट्रॅक्टरवर चालणारी मळणीयंत्रे गावोगाव फिरू लागतात. आभाळ भरून आले की काम रात्रीपर्यंत चालते, आणि माल यंत्राच्या तोंडात सारताना थकलेल्या मजुराचा हात आत ओढला जातो. त्यास घाटी रुग्णालयात नेतात. आठवड्याने गावात चार माणसे बसून काही रक्कम ठरवितात आणि स्टँपपेपरवर उरलेल्या हाताचा अंगठा घेतात. प्रकरण मिटले असे सर्वजण समजतात.

परंतु कायद्याप्रमाणे ते मिटलेले नसते. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायदा मानीत नाही. कायम अपंगत्वाबद्दल तडजोड करावयाची तर ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटल्यास नोंद नाकारता येते. मजूर मरण पावल्यास मालकाने रक्कम परस्पर वारसांच्या हाती न देता प्राधिकाऱ्याकडे भरावी लागते. भरपाईच्या रकमेवर जप्ती येत नाही. तिच्यातून उचलीची रक्कमही कापून घेता येत नाही. सालगड्यांच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भरपाईचा कायदा केवळ कारखान्यासाठी आहे, हा समज चुकीचा होय. 1923 च्या कायद्याच्या अनुसूचीत यंत्राने कापणी व मळणी करणारे, ट्रॅक्टर चालविणारे, विहीर खोदणारे, पंप बसविणारे आणि कीटकनाशक फवारणारे यांचा स्पष्ट उल्लेख होता. दि. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 हिने घेतली आहे. तिच्यातही हे धंदे कायम आहेत. वाळूजच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाची वाट मात्र निराळी. तो राज्य विमा योजनेत असेल तर त्याचा लाभ विमा महामंडळाकडून मिळतो, मालकावर हा दावा चालत नाही.

रक्कम किती, याचा हिशोब ठरलेला आहे. मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेस वयानुसार दिलेल्या अंकाने गुणतात. तिसाव्या वर्षी तो अंक 207.98 आहे. महिना 9,000 रुपये मिळविणारा तीस वर्षांचा मजूर पूर्णपणे व कायमचा निकामी झाला तर 5,400 गुणिले 207.98, म्हणजे 11,23,092 रुपये होतात. मृत्यू झाल्यास 60 ऐवजी 50 टक्के धरतात. ती रक्कम 9,35,910 रुपये येते. एक हात मनगटातून गेल्यास अनुसूचीप्रमाणे कमाईची शक्ती 60 टक्के घटली असे मानतात, आणि मग सुमारे 6,73,855 रुपये होतात. नुसता अंगठा गेला तर 30 टक्के. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याहून वेगळा.

हे टक्केही अखेरचे नव्हेत. एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याची हानी शंभर टक्के धरण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये कायम केला. कोळपे, विळा व फवारणीचा पंप यांवर पोट असलेल्या मजुराच्या बाबतीत हाच मुद्दा मांडता येतो. पण तो मांडण्यास वकील लागतो.

वकिलाच्या खर्चाची धास्ती घेऊन पुष्कळ लोक मागे फिरतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, व तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तेथे साधा अर्ज केल्यास वकील नेमून मिळतो व त्याची फी प्राधिकरण देते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. दावा कोणत्या कार्यालयात दाखल करावयाचा हेही तेथेच समजते. ऊसतोडीस परजिल्ह्यात गेलेल्या कन्नडच्या मजुरास अपघाताच्या ठिकाणी खेटे घालण्याचे कारण नाही. जेथे तो राहतो तेथेही दावा करता येतो.

खरा वाद बहुधा मालक कोण यावरच होतो. यंत्राचा मालक शेतकऱ्याकडे बोट दाखवितो आणि शेतकरी यंत्रवाल्याकडे. मजुरास कोणी बोलाविले व मजुरी कोण देत होता, यावर हा प्रश्न सुटतो. शेतमजुराचे नाव कोठल्याही हजेरीपटावर नसते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने पहिल्या आठवड्यातच सोबतच्या मजुरांची नावे टिपून घ्यावीत, ट्रॅक्टरचा क्रमांक व विमापत्राची प्रत मिळवावी आणि मजुरी मोबाईलवरून दिली असल्यास त्या नोंदी जपावयास सांगावे. अपघात कामावर, यंत्रात झाला असे दवाखान्याच्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहवून घ्यावे. मालकाला वाचविण्यासाठी नातेवाईक ‘पडून लागले’ असे सांगतात, आणि पुढे तेच वाक्य त्यांच्या आड येते. पोलिसांचा पंचनामा व मालकास दिलेल्या लेखी सूचनेची प्रतही ठेवावी. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत न दिल्यास तिच्यावर 12 टक्के व्याज चढते, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो.

लहान शेतकऱ्यास एवढी रक्कम पेलणारी नाही, हे खरे. मजूर लावणाऱ्याने व यंत्रमालकाने मजुरांच्या भरपाईचा विमा सुगीपूर्वीच उतरविणे हाच त्यावर उपाय आहे. मळणीत शेतकऱ्याचा स्वतःचाच हात गेल्यास हा कायदा लागू होत नाही. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे: एक हात, पाय वा डोळा गेल्यास एक लाख, दोन अवयव गेल्यास अथवा मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. तिचा अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषि अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो.