सोरायसिस आणि सुनेचे बाळंतपण



ऊस नोंदीसाठी गटात फिरताना घरातलीही दोन बोलणी होतात. एका सभासदाच्या घरी सुनेच्या कोपरांवर लालसर चट्टे आणि पांढुरक्या खपल्या दिसल्या. सून पोटुशी होती. सासूबाईंनी हळूच विचारले, "पोराला लागंल का हो हे?" सुनेची ताटवाटी वेगळी ठेवलेली आम्ही पाहिली. म्हणून हा विषय घेतला.

हा आजार सोरायसिस. तो महारोग नव्हे, नायटाही नव्हे. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. तो काही घराण्यांत चालत येतो हे खरे. पण आईला असला तरी बहुतेक मुलांना होत नाही. गरोदरपणात सुमारे निम्म्या बायकांचे चट्टे उलट कमी होतात. बाळंतपणानंतर मात्र पुष्कळजणींचे पुन्हा वाढतात; त्यात बाळाचा पायगुण शोधू नये. बहुतेकींची बाळंतपणे नीट पार पडतात. आजार अंगभर असेल तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका थोडा वाढतो, तेव्हा तपासणी चुकवू नये.

खरी भीती आहे ती काही गोळ्यांची. मेथोट्रेक्झेटने गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकते. ती दिवस राहण्याच्या काही महिने आधीच बंद करावी लागते. ॲसिट्रेटिन बंद केल्यावर तर 3 वर्षे दिवस जाऊ द्यायचे नसतात. अशी गोळी चालू असताना पाळी चुकली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. बाजारातल्या पुडीत काय असते हे देणाराही सांगत नाही; ती नकोच.

मग उपाय काय? अंग मऊ ठेवणारी मलमे, डॉक्टरांनी दिलेले सौम्य औषध आणि गरज पडल्यास दवाखान्यातला प्रकाशोपचार गरोदरपणातही चालतो. मात्र ताप येऊन अंगावर पुवाच्या बारीक पुळ्या उठल्या, तर सकाळची वाट न पाहता मोठा दवाखाना गाठावा.

लागणीआधी आपण माती तपासून घेतो. तसेच मूल हवे असे ठरताच सुनेला घेऊन डॉक्टरांकडे जा, चालू औषधांची पाकिटे बरोबर न्या. आणि ती वेगळी ताटवाटी आजच मांडणीवर सगळ्यांच्या भांड्यांत ठेवा.